बांध कोण राखणार?

आज, २ फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिन. १९७१ साली याच तारखेला इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार झाला. त्यानिमित्त पक्षिनिरीक्षणाच्या सहली निघतील, भाषणे होतील, ती व्हावीतच. आम्हाला मात्र बोलायचे आहे ते गोव्याच्या खाजनांविषयी, म्हणजे बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या शेतांविषयी. ही पाणथळ माणसाने हाताने घडवली आणि हात सैल पडताच ती बुडू लागली.

बांदोड्याच्या, सुमारे सहाव्या शतकातील ताम्रपटात खाजन जमिनीच्या दानाची नोंद आहे. पोर्तुगीज येण्याच्या जवळपास नऊशे वर्षे आधी मांडवी-झुवारी नद्यांच्या काठी ही विद्या रुजलेली होती. शेत भरतीच्या पातळीहून खाली. भोवती चिखल, पेंढा, बांबू आणि जांभ्या दगडाचा बांध आणि बांधात मानस. मानशीची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपसूक मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की खारेपणा सोसणारे कोरगुट भात लावायचे. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासे धरायचे. त्या हक्काचा लिलाव होतो. भात, मासळी आणि गावाचे पुरापासून रक्षण, सारे या एका बांधावर.

बांधाची निगा गावकारी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, राखत असे. १९६४च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला, तो द्यायलाच हवा होता. पण गावकारीकडून सुटलेली बांधाची सामाईक जबाबदारी अनेक गावांत कोणीच मनापासून उचलली नाही. कुठे बार्जच्या लाटांनी भगदाडे पडली, कुठे ती मुद्दाम पाडली गेली, कारण भातापेक्षा मासळीत पैसा अधिक. खारे पाणी मुरलेल्या शेतात मग खारफुटी माजते आणि ती तोडायला कायद्याची मनाई.

कायद्याचीही शोकांतिकाच आहे. २०१७च्या पाणथळ नियमांनी भातशेते, म्हणजे खाजनांतली शेतेही, व्याख्येबाहेर ठेवली. २०११च्या किनारी अधिसूचनेने खाजनात विकासकामांना बंदी केली, हे चांगलेच. पण बंदीने भगदाड बुजत नाही. समुद्र चढत असताना तर मुळीच नाही.

पावसाळ्याला चार महिने आहेत. प्रत्येक खाजनाच्या बांधाची पाहणी व्हावी, मानशीच्या लिलावाचा पैसा आधी डागडुजीला लागावा आणि ते काम कोणाचे, हे ग्रामसभेत नावानिशी जाहीर व्हावे.