निकाल पदरात, बाके रिकामी

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपलाच १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' हा निर्णय मोडीत काढला आणि गर्भपाताचा प्रश्न राज्यांच्या हाती परत दिला. त्यानंतर तीनच दिवसांनी, सामना संपताच मैदानात गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या एका शालेय फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूनेही याच न्यायालयाने कौल दिला. अमेरिकेतील परंपरानिष्ठ ख्रिस्ती समाजाच्या दोन पिढ्यांनी ज्यासाठी सभा घेतल्या, वर्गण्या गोळा केल्या आणि मते दिली, ते एका आठवड्यात त्यांच्या पदरात पडले.

आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांनी या घटनेवर जे लिहिले, ते बव्हंशी न्यूयॉर्कहून उसने आणलेले होते. 'बुरसटलेल्यांचा विजय' एवढ्यावर त्यांचे विश्लेषण संपले. ज्या देशाच्या नोटेवर 'देवावर आमचा विश्वास आहे' असे छापलेले असते, त्या देशाला एरवी सेक्युलर आदर्श म्हणून मिरविणाऱ्या मंडळींकडून अधिक अपेक्षा करण्यात अर्थ नाही. परंतु एवढा मोठा समाज पन्नास वर्षे एका ध्येयामागे चिकाटीने उभा राहतो, तेव्हा त्याने काय मिळविले आणि त्यासाठी काय मोजले, याचा हिशेब गंभीरपणे मांडला पाहिजे. तो हिशेब सर्वांत परखडपणे मांडला आहे तो त्याच गोटातील माणसांनी.

धर्म आणि शासन यांच्यामधील 'भिंत' हा जेफरसनचा शब्द प्रसिद्ध आहे. तो त्याने १ जानेवारी १८०२ च्या ज्या पत्रात वापरला, ते पत्र कोणा नास्तिकांना नव्हे, तर कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी येथील बाप्टिस्टांना लिहिलेले होते. त्या राज्यात दुसऱ्याच ख्रिस्ती पंथाला राजमान्यता होती. व्हर्जिनियात तर परवान्याशिवाय प्रवचन केले म्हणून बाप्टिस्ट उपदेशकांनी तुरुंग भोगले होते. सत्तेच्या छायेतील धर्म कसा असतो, हे त्यांनी अंगावर झेलले होते. म्हणून ही भिंत त्यांना स्वतःच्या रक्षणासाठी हवी होती. पुढे ज्या चळवळीने याच भिंतीवर घाव घातले, तिचा सर्वांत गाजलेला नेता बाप्टिस्टच असावा, हा इतिहासाचा विलक्षण खेळ म्हटला पाहिजे.

तो नेता म्हणजे व्हर्जिनियातील लिंचबर्गचे धर्मोपदेशक जेरी फॉलवेल. मार्च १९६५ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मोर्चांनी देश ढवळून निघत असताना, याच फॉलवेल यांनी व्यासपीठावरून बजावले होते की, उपदेशकाचे काम राजकारण करणे नव्हे, आत्मे जिंकणे हे आहे. चौदा वर्षांनी, १९७९ मध्ये, त्यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना उभी केली. मधल्या काळात काय घडले? १९६२ व १९६३ च्या निकालांनी सरकारी शाळांतील प्रार्थना व बायबलवाचन थांबले. १९७३ मध्ये गर्भपाताला घटनात्मक संरक्षण मिळाले. मात्र त्या विषयावर हा समाज प्रथमपासून पेटून उठला होता, असे मानणे चुकीचे ठरेल. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनने १९७१ मध्येच बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग किंवा मातेच्या आरोग्यास धोका अशा प्रसंगी गर्भपाताला मुभा देणाऱ्या कायद्याला ठरावाने पाठिंबा दिला होता. चळवळीचे सूत्रधार पॉल वेरिच यांचे म्हणणे असे की, ठिणगी पडली ती करखात्यामुळे. वर्णभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांची करसवलत काढून घेण्याची नियमावली १९७८ मध्ये पुढे आली आणि स्वस्थ बसलेले उपदेशक जागे झाले. हा भाग चळवळीच्या आजच्या इतिहासकथनात सहसा सांगितला जात नाही.

चळवळ उभी राहिल्यानंतरची तिची चिकाटी मात्र मान्य करावीच लागेल. १९८० मध्ये तिने रविवारच्या धर्मवर्गात शिकविणाऱ्या जिमी कार्टर यांना सोडून रोनाल्ड रेगन यांना पाठबळ दिले. रेगन घटस्फोटित होते आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या विधेयकावर त्यांनी स्वाक्षरीही केली होती. फळ काय मिळाले? १९९२ मध्ये 'रो' चा गाभा कायम राखणारे जे तिघे न्यायमूर्ती निर्णायक ठरले, त्यांपैकी ओ'कॉनर आणि केनेडी हे रेगन यांनी नेमलेले, तर सूटर थोरल्या बुश यांनी. एखादी दुबळी संघटना येथेच विसर्जित झाली असती. या मंडळींनी विधी महाविद्यालयांतील पुराणमतवादी विद्यार्थ्यांच्या हातांनी १९८२ मध्ये सुरू झालेल्या 'फेडरलिस्ट सोसायटी'सारख्या संस्थांशी धागे जुळविले, न्यायमूर्ती होऊ शकतील अशी माणसे घडू दिली आणि तीस वर्षे वाट पाहिली. २०१७ ते २०२० या काळात नेमलेल्या तीन न्यायमूर्तींनी पारडे फिरविले. राजकीय संघटनकौशल्य म्हणून याचा अभ्यास कोणीही करावा.

किमतीचा प्रश्न येथून सुरू होतो. बिल क्लिंटन यांचे प्रकरण गाजत असताना, जून १९९८ मध्ये, सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनने सार्वजनिक पदावरील व्यक्तीच्या चारित्र्याविषयी ठराव केला; खासगी आयुष्यातील अनाचाराकडे काणाडोळा करणे समाजाला घातक आहे, असा त्याचा आशय होता. २०११ मध्ये पीआरआरआय या संस्थेच्या पाहणीत खासगी जीवनात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक जीवनात नीतीने वागू शकतो असे मानणारे गोरे इव्हँजेलिकल ३० टक्के होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांत बायबल बदलले नव्हते. बदलला होता तो उमेदवार. त्या वर्षी या समाजातील दर पाच मतदारांपैकी जवळजवळ चौघांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे: आम्ही पाद्री निवडत नव्हतो, न्यायमूर्ती नेमणारा माणूस निवडत होतो, असे ते म्हणतात. निकाल पाहता हा युक्तिवाद व्यवहारात खोटा ठरला नाही. पण घरातील वीस वर्षांच्या मुलाने आई-वडिलांना १९९८ च्या ठरावाबद्दल विचारले, तर त्याला द्यायचे उत्तर या युक्तिवादात नाही.

आणि ती मुले निघून गेली. गॅलपच्या पाहणीनुसार चर्च, सिनेगॉग वा मशिदीचे सभासद असलेल्या अमेरिकनांचे प्रमाण १९९९ मध्ये ७० टक्के होते. २०२० मध्ये ते ४७ टक्क्यांवर आले, म्हणजे मोजणी सुरू झाल्यापासून प्रथमच निम्म्याखाली. प्यू संशोधन केंद्राच्या पाहण्यांत स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारे २००७ मध्ये ७८ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ६२ टक्के झाले. सदर्न बाप्टिस्टांची संख्या २००६ मध्ये १ कोटी ६३ लाखांच्या घरात होती. २०२३ मध्ये ती १ कोटी ३० लाखांच्या खाली गेली. लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी नेतृत्वाने वर्षानुवर्षे दडपल्याचे उघड करणारा मे २०२२ चा अहवालही याच संस्थेविषयीचा. सारा दोष राजकारणाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. डाव्या विचारांशी जुळवून घेणारे एपिस्कोपल आणि प्रेस्बिटेरियन पंथ तर याहून आधी ओसरू लागले होते, आणि अलीकडच्या चार-पाच वर्षांत एकूण घसरण थबकल्याचेही प्यूचेच आकडे सांगतात. तरीही मायकेल हाउट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्येच दाखवून दिले होते की, 'धर्म कोणताही नाही' असे सांगणाऱ्यांत झालेल्या वाढीचा मोठा भाग देवावरील श्रद्धा उडाल्यामुळे नव्हता. धर्म म्हणजे एक राजकीय पक्ष, या समीकरणाचा उबग आल्यामुळे होता.

घरच्यांनी हे सांगितले नव्हते असे नाही. निक्सन यांच्या जवळिकीने पोळलेल्या बिली ग्रॅहम यांनी १९८१ मध्येच इशारा दिला होता की, कडव्या उजव्यांना धर्मात रस आहे तो केवळ त्याचा वापर करण्यापुरता. फॉलवेल यांचे दोन निकटचे सहकारी, कॅल थॉमस आणि एड डॉब्सन, यांनी १९९९ मध्ये 'ब्लाइंडेड बाय माइट' हे पुस्तक लिहून सत्तेने आपल्याला आंधळे केल्याची कबुली दिली. 'मॉरल मेजॉरिटी' हे नावच ज्यांनी सुचविले, त्या वेरिच यांनीही त्याच वर्षी जाहीर पत्रात सांस्कृतिक लढाई आपण बहुधा हरलो आहोत असे लिहिले. निवडणुका जिंकूनही समाज बदलला नाही, हे त्यांचे दुःख होते. सदर्न बाप्टिस्टांच्या नीतिविषयक आयोगाचे प्रमुख रसेल मूर यांनी ट्रम्प यांना विरोध केला. २०२१ मध्ये त्यांना ती संस्थाच सोडावी लागली. यांपैकी एकही माणूस गर्भपाताच्या वा विवाहाच्या प्रश्नावर 'पुरोगामी' झालेला नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे.

अमेरिकेतील हिंदूंचा या चळवळीशी येणारा संबंध दुहेरी आहे. १२ जुलै २००७ रोजी तेथील सेनेटमध्ये प्रथमच हिंदू प्रार्थना झाली, तेव्हा प्रेक्षागृहातून ओरडा करून ती थांबविण्याचा प्रयत्न करणारे तिघे ख्रिस्ती निदर्शकच होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठातील सभेत उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी, हिंदू घरात वाढलेल्या आपल्या पत्नीलाही कधी तरी चर्चची ओढ लागावी, अशी इच्छा बोलून दाखविली. एखाद्याच्या घरातील श्रद्धेची चर्चा चव्हाट्यावर का यावी, असा प्रश्न तेथील भारतीय समाजात उमटला, तो स्वाभाविक होता. पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. प्रार्थनास्थळांच्या जमीनवापराला संरक्षण देणारा २००० सालचा कायदा याच मंडळींच्या पाठिंब्याने झाला आणि पेनसिल्व्हेनियात मंदिरासाठी परवानगी मिळविताना स्थानिक प्रशासनाशी झगडणाऱ्या एका हिंदू संस्थेला न्यायालयात त्याच कायद्याचा आधार घेता आला.

२०२२ च्या निकालानंतर काय झाले? सहा आठवडेही उलटले नव्हते तोच रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला असलेल्या कॅन्सास राज्यात सार्वमत झाले आणि सुमारे ५९ टक्के मतदारांनी गर्भपाताचे संरक्षण राज्यघटनेतून काढण्यास नकार दिला. २०२३ मध्ये ओहायोने तर ते संरक्षण घटनेत नव्याने घातले. देशभरातील गर्भपातांची संख्या त्या वर्षी दहा लाखांच्या वर गेली. दशकभरात एवढी नोंदली गेली नव्हती. न्यायालय बदलले, शेजारी बदलला नाही.

पक्षाने हे आकडे तत्परतेने वाचले. जुलै २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्यातून देशव्यापी गर्भपातबंदीची अनेक दशकांची मागणी गळाली आणि प्रश्न राज्यांवर सोपविण्यात आला. चळवळीच्या नेत्यांनी नाराजीची पत्रके काढली. नोव्हेंबरमध्ये या समाजाने पूर्वीच्याच प्रमाणात त्याच उमेदवाराला मते दिली. आणि ती कोठेही जाणार नाहीत, हे जाहीरनामा लिहिणाऱ्यांना जुलैमध्येच ठाऊक होते.