‘फार वेळ’ म्हणजे किती?

तासभर चालवून ‘झालं, उत्तम आहे’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. छप्पर गळतं की नाही हे पहिल्या सरीत कळत नाही, त्याला आषाढाची झड लागते. सॉफ्टवेअरचंही तेच.

२५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धाहरान. अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा शंभराहून अधिक तास अखंड चालू होती. वेळ मोजण्यातली बारीकशी चूक तासागणिक वाढत सेकंदाच्या एक तृतीयांशावर गेली. यंत्रणा भलत्याच जागी शोधत राहिली आणि इराकी स्कड बराकीवर कोसळलं. २८ सैनिक गेले.

आठ तासांतच चूक दिसते, हे इस्रायलने ११ फेब्रुवारीला कळवलं होतं. पुढे तळांवर इशारा गेला, फार वेळ चालवल्यास घोटाळा होईल. ‘फार वेळ’ म्हणजे किती, ते कोणी सांगितलं नाही. दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ तारखेला!

म्हणे, लांबलचक चाचण्या परवडत नाहीत. मग काय परवडतं? मी तर म्हणतो, निविदेतच अखंड तासांचा आकडा लिहा. तितके तास, पूर्ण भार टाकून चालवून दाखवल्याशिवाय एक पैसा देऊ नका.