पांढऱ्यावर पांढरा टाका

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी हल्ली खासगी दवाखान्यात लेन्सचं दरपत्रकच पुढ्यात येतं. वरच्या भावाच्या लेन्सबरोबर ‘चष्म्याला कायमचा रामराम’ हे आश्वासनही मिळतं. ऐकणाऱ्याला वाटतं, तरुण डोळ्याची जवळ-लांब जुळवून घेण्याची ताकदच परत येणार. तसे प्रयत्न झालेत. स्नायूच्या ताणाबरोबर पुढे-मागे सरकावी अशा बेताने घडवलेल्या ‘क्रिस्टालेन्स’ला अमेरिकेत २००३ मध्ये मंजुरी मिळाली. पण ती सरकते जेमतेमच. बारीक कामाला अनेकांना चष्मा लागतोच. जास्त खपते ती मल्टिफोकल, आणि ती काहीच जुळवून घेत नाही. आलेला उजेड जवळ आणि लांब असा वाटून देते, बस्स. वाटणीत फिकट-गडदातला फरक पुसट होतो.

लखनौत हे मोठ्याने सांगायला हवं. अस्सल चिकनकारी म्हणजे पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, आणि मुर्रीचा टाका तांदळाच्या दाण्यासारखा. चौकातल्या दुकानांत टांगलेले कुर्ते जुन्या शहरातल्या आणि काकोरी-मलिहाबादकडच्या बायका घरी बसून, नगावर मजुरी घेऊन भरतात. त्यांना महागडी मल्टिफोकल बसवणं म्हणजे पैसे मोजून दोरा दिसेनासा करून घेणं.

मोतीबिंदू नसेल तर साधी चाळिशी पुरते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे देऊन पाहिले. २०१८ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षानुसार चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानखुडणी सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. चष्मा काही लाखमोलाचा नव्हता.

आणि मोतीबिंदू असेल, तर स्वस्तातली मोनोफोकलही कामाला येते. तिचा नंबर कुठल्या अंतरासाठी काढायचा हे ऑपरेशनआधी ठरतं, आणि सहसा लांबचंच धरलं जातं. भरतकाम असतं चाळीस सेंटिमीटरवर. डोळा मुद्दाम उणे अडीचच्या आसपास ठेवला, तर सुईपुढे चष्मा लागणार नाही, रस्त्यावर लागेल. लेन्सची किंमत तीच राहते. कुणाला हा सौदा नकोही असेल, पण तिला विचारायला काय हरकत आहे? शिबिरात रक्तदाब मोजतात, साखर तपासतात. ‘हाताने काय काम करता’ हाही प्रश्न केसपेपरवर छापावा. घरातच काम करणाऱ्या बाईपुढे ‘गृहिणी’ लिहून मोकळं झालं, की तिच्या लेन्सचा नंबर आपोआप लांबचा निघतो.