जैविक औषधे आली, वस्तीपर्यंत कधी येणार?

आपल्या वस्त्यांमध्ये सांधे धरले की ‘वयोमानाने होतंच’ म्हणून विषय संपवला जातो. पण रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, हा केवळ म्हातारपणाचा आजार नाही. त्यात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दोन ते तीन पट आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईची बोटे वाकली की तिचा रोजगारच जातो.

या हल्ल्यात ‘टीएनएफ-अल्फा’ नावाचे प्रथिन पेशींना सतत निरोप देत राहते आणि सूज वाढते. अडालिमुमॅबसारखे जैविक औषध नेमके हेच प्रथिन पकडते. निरोप थांबला की सूज उतरते, सांध्यांची झीज मंदावते. स्टेरॉइड प्रतिकारशक्तीला सरसकट दाबते. हे औषध एक ठरावीक वाट अडवते. ते जिवंत पेशींमध्ये तयार करावे लागते, म्हणून खर्चिक.

पण किंमत फक्त विज्ञान ठरवत नाही. अमेरिकेत अडालिमुमॅब २००२ च्या अखेरीस मंजूर झाले. मूळ कंपनीने पेटंटांची तटबंदी उभी केल्याने तिथे त्याचे बायोसिमिलर, म्हणजे पर्यायी जैविक औषध, २०२३ मध्ये बाजारात आले. भारतात झायडसने ते २०१४ मध्येच आणले, अमेरिकेतील किमतीच्या सुमारे एक पंचमांशात. तरीही हातावर पोट असणाऱ्याला ते परवडत नाही.

दुसरा धोका आपल्या जवळचा आहे. टीएनएफ क्षयाच्या सुप्त जंतूंना कोंडून ठेवायला मदत करते. ते अडवले की क्षय उफाळू शकतो. जगात सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत. म्हणून क्षयाच्या तपासणीशिवाय हे इंजेक्शन सुरू करू नये.

तेव्हा फक्त ‘महाग औषध मोफत द्या’ एवढी मागणी पुरेशी नाही. मेथोट्रेक्सेटसारख्या स्वस्त गोळ्यांनी अनेकांचा आजार आटोक्यात येतो, पण निदान वेळेत व्हायला हवे. रोज सकाळी तासभर बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील तर त्या बाईला डॉक्टरांकडे न्या. गोळ्या पुरेशा ठरत नाहीत त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयात जैविक औषध, क्षयतपासणी आणि नियमित पाठपुरावा मागा.

संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. आपल्या शासकीय रुग्णालयात यातले काय मिळते, ते माहिती अधिकारात विचारा. सुरुवात तिथून करू.

जय भीम!