घर-संसार : चुलीच्या धुराचे मोजमाप



पहाटे चूल पेटली की घर धुराने भरते. डोळ्यांना पाणी येते, ठसका लागतो, तरी फुंकणी पुन्हा तोंडाशी जाते. "आम्ही जन्मभर धुरातच रांधलं, काय झालं?" असे घरची म्हातारी म्हणते. पण तीच रात्रभर खोकत असते, हे आपल्या ध्यानात येते का? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या दूषित हवेने जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत दोन लाखांहून अधिक पाच वर्षांखालची बालके होती.

धूर दिसेनासा झाला की संकट टळले असे आपण समजतो. पण त्यातले अतिसूक्ष्म कण हवेत तरंगतच राहतात. अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे हे कण थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. ते मोजणारे यंत्र आता घरीच जोडता येते. घरात विज्ञान शिकणारा मुलगा वा मुलगी असेल, तर हे काम त्यांच्यावर सोपवा.

साहित्य : पीएमएस ५००३ हा धूलिकण मोजणारा सेन्सर, ईएसपी ८२६६ चा वायफाय बोर्ड, चार-सहा तारा, मोबाइलचा जुना चार्जर आणि भोके पाडलेला डबा. खर्च साधारण दोन-तीन हजार रुपये.

कृती : सेन्सरमधला छोटा पंखा हवा आत ओढतो. तिच्यावर लेसरचा किरण पडतो आणि विखुरलेल्या उजेडावरून कणांचा अंदाज येतो. सेन्सरला पाच व्होल्टची व ग्राउंडची तार जोडावी. माहिती पाठवणारी तार बोर्डाच्या माहिती घेणाऱ्या पिनेला द्यावी. ईएसपीहोम ही मोफत प्रणाली संगणकावरून बोर्डात भरावी आणि तीत वायफायचे नाव व पासवर्ड घालावा. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचे हवे. मग आकडा मोबाइलवर दिसतो. तो इंटरनेटवर पाठवण्याची सोय केली, तर शहरात शिकणाऱ्या मुलालाही आईच्या चुलीजवळची हवा कळते.

यंत्र चुलीपासून दोन हात दूर, रांधणारीच्या नाकाच्या उंचीवर टांगा. भाताच्या वाफेवर नको. वाफेने आणि पावसाळी दमट हवेने आकडा फुगतो. पहिले तीन दिवस काहीही बदलू नका. वेळ, सरपण आणि आकडा वहीत लिहा. नंतर एकेक बदल करा : ओल्या काटक्यांऐवजी वाळलेल्या पऱ्हाट्या, खिडकी उघडी, धुराडे साफ. कशाने आकडा उतरतो ते आपोआप कळेल. पाळणा असतो त्या खोलीतही एक दिवस यंत्र ठेवा. धूर तिथवर जातो की नाही, तेही पाहा.

२४ तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले आहे. आपल्या देशाचे बाहेरच्या हवेसाठीचे मानक ६० आहे.

एक इशारा लक्षात ठेवा. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो या यंत्राला कळतही नाही. आकडा कमी दिसला तरी तो वायू जीव घेऊ शकतो.

यंत्र धूर कमी करत नाही, ते फक्त दाखवते. म्हणून वही एकट्या सुनेच्या हाती देऊ नका. संध्याकाळी सर्वांनी मिळून वाचा, कारभाऱ्यांनी तर जरूर वाचा. गोठ्याला झरोका हवा हे आपल्याला उमगते. मग स्वयंपाकघराला खिडकी पाडायला उशीर कशाला?