फावल्या वेळी : मालगाडीचा माल

घरात चिमुकली आगगाडी आली की प्रथम कौतुक होते ते इंजिनाचे, मग प्रवासी डब्यांचे. मालाचे डबे बिचारे रिकामेच धावत राहतात. फार तर घरातील बाळगोपाळ त्यांत मणी नाहीतर चिंचोके भरून देतात. तेही गोडच. परंतु छंद थोडा मुरला म्हणजे मन विचारू लागते, ही गाडी आली कोठून आणि काय घेऊन चालली आहे? मालगाडीला या प्रश्नाचे उत्तर देता येते ते केवळ तिच्या भारावरून.

आम्हां बडोदेकरांना हे निराळे सांगावयास नको. डभोई ते मियागाम या मार्गावर १८६२ साली गाड्या धावू लागल्या, तेव्हा त्या ओढावयास बैल होते. इंजिन नव्हते, तरी रूळ होते आणि रुळांवर भार होता. पुढे ओढणारा बदलला. भार कायम राहिला. म्हणून या खेपेस इंजिनाकडे पाठ करून डब्याच्या पोटात डोकावू या.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की ‘भरलेला डबा’ म्हणजे ‘काठोकाठ भरलेला डबा’ नव्हे. आपल्याकडील ‘बॉक्स-एन’ हा उघडा डबा उदाहरणादाखल घेऊ. आतून तो सुमारे ९.८ मीटर लांब, २.९५ मीटर रुंद आणि १.९५ मीटर खोल असतो; म्हणजे त्यात सुमारे ५६ घनमीटर माल मावतो. मूळ आराखड्याप्रमाणे त्याने वाहावयाचा भार सुमारे ५८ टन. एक घनमीटर सुट्या कोळशाचे वजन साधारण ८०० ते ९०० किलो भरते. तेव्हा कोळसा काठापर्यंत भरून वर थोडी रास आली, तरी डब्याला तो जड होत नाही. लोहखनिजाचे तसे नाही. ते घनमीटरला अडीच टनांच्या आसपास भरते. अर्धा डबा भरण्यापूर्वीच ५८ टन पुरे होतात. बाजूने पाहणाऱ्याला असा डबा रिकामा वाटावा, आणि तरीही तो पुरता भारलेला असावा!

आता हेच माप घरच्या गाडीला लावू. ‘एच-ओ’ या प्रचलित मापात प्रत्येक वस्तू ८७ पटींनी लहान होते. आपला डबा आतून सुमारे ११२ मिलिमीटर लांब, ३४ रुंद आणि २२ खोल होईल. कोळशाची रास काठाच्या वर तीन-चार मिलिमीटर चढवावी. खनिजाचा थर तळापासून नऊ-दहा मिलिमीटरच ठेवावा. खेळातली गाडी आपण बहुधा वरून पाहतो, म्हणून ही चूक तेथे चटकन डोळ्यांत भरते.

कृती सोपी आहे. डब्याच्या आतील मापाहून जरासा लहान असा थर्मोकोलचा तुकडा कापावा आणि त्याला वरून उतार द्यावा. उतार मनाने ठरवू नये. कोळशाचा चुरा कागदावर हलकेच ओतावा. तो आपोआप ज्या उताराने स्थिरावेल, तोच खरा. तुकड्याला काळा रंग द्यावा, म्हणजे फटींतून पांढरे डोकावत नाही. रंग पाण्यात कालवण्याजोगा असावा. तेलरंग पातळ करण्याच्या द्रवाने थर्मोकोल विरघळून जातो.

कोळशासाठी कोळसाच उत्तम. मात्र तो दगडी हवा; लाकडी कोळशाला ती चकाकी नसते. ओल्या फडक्यात गुंडाळून तो फोडावा, म्हणजे धूळ मुलांच्या नाकातोंडात जात नाही. नंतर चहाच्या गाळण्यातून चाळावा. एक मिलिमीटरचा कण मोठ्या गाडीत जवळजवळ नऊ सेंटिमीटरचा खडा होतो, हे ध्यानी ठेवून फार मोठे तुकडे बाजूस काढावेत. लोहखनिजासाठी तर बाजारात जाण्याचेही कारण नाही. रांगोळीखाली सारवावयाचा गेरू ही लोहाच्या गंजानेच लाल झालेली माती. बारीक वाळूत तो मिसळला की खाणीचा रंग साधतो.

तुकड्यावर पांढरा फेव्हिकॉल लावून त्यावर चुरा पसरावा. वाळल्यावर पाण्यात पातळ केलेला तोच फेव्हिकॉल, त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब घालून, ड्रॉपरने वर सोडावा. साबणामुळे तो कणांवर थेंब होऊन न राहता आत झिरपतो. एक रात्र हात लावू नये.

वजनाचा विचार मात्र उलटा करावयाचा. लांबी ८७ पटींनी घटते, तेव्हा वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटते. मालासह सुमारे ८१ टनांचा डबा या हिशेबाने १२३ ग्रॅमचा होतो आणि साडेबावीस टनांचा रिकामा डबा अवघा ३४ ग्रॅमचा. इतका हलका डबा वळणावर रूळ सोडतो. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने सुचविलेल्या प्रमाणानुसार या लांबीच्या डब्याचे वजन ९१ ग्रॅमच्या आसपास असावे. ते वजन लोखंडी वायसरांच्या रूपाने डब्याच्या तळालाच पक्के करावे आणि माल हलका ठेवावा. दिसावयास जो सर्वांत जड, तो हातास सर्वांत हलका लागला पाहिजे.

असे का, तर माल काढता-घालता यावा म्हणून. खाणीकडून भरून येणारी गाडी खाणीकडे परतताना सहसा रिकामी असते. तीच भरलेली गाडी दोन्ही दिशांना फिरत राहिली, तर तिच्या फेऱ्यांना अर्थ उरत नाही. राशीच्या पृष्ठाखाली एक लहान वायसर दडवून ठेवावा; वरून लोहचुंबक टेकविला की सबंध रास अलगद उचलली जाते आणि मुलांना क्रेन चालविल्याचा आनंदही लाभतो.

आकार आणि वजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपते. डबा भरणाऱ्या बोटांना मात्र ते जन्मभर उमगते. फाटकापाशी मालगाडीसाठी खोळंबल्यावर आपण घड्याळाकडे पाहतो. घरी दोन डबे भरलेला मुलगा किंवा मुलगी चाकांच्या आवाजाकडे कान देईल आणि अर्धे भरलेले दिसणारे डबे पाहून म्हणेल, “बाबा, यांत खनिज असणार!” एवढे झाले, की वाट पाहण्याचा तो वेळ सत्कारणी लागला म्हणावयाचा.