वाईट तेच खरं?

मालिकेतल्या एखाद्या सज्जन पात्राची दुष्ट आवृत्ती अवतरली की लोक सरसावून बसतात. मीही बसतो. तोच नट, तोच चेहरा, फक्त नजर बदललेली... मजा येतेच! माझं भांडण आहे ते त्यानंतरच्या शहाणपणाशी. आमची भाचरं आणि तुमच्यापैकीही काहीजण हमखास म्हणतात, "हाच खरा तो! चांगुलपणा म्हणजे नुसता मुखवटा." साफ चूक, मंडळी.

'स्टार ट्रेक'मधला 'मिरर, मिरर' हा १९६७ सालचा भाग घ्या. कॅप्टन कर्क आणि त्याचे तीन सहकारी एका उलट्या विश्वात जाऊन पडतात. तिथे वरिष्ठाचा खून करून बढती मिळते, आणि स्पॉकला दाढी असते. ती दाढी इतकी गाजली की दुष्ट जुळ्याची खूणच होऊन बसली. पण दाढीच्या नादात कथेतली खरी गोम राहून जाते. हे चार सज्जन त्या दुष्ट यानावर वेळ निभावून नेतात. त्यांच्या जागी इकडे आलेले चार दुष्ट मात्र लगेच ओळखले जातात. आपला स्पॉक त्यांना सरळ कोठडीत टाकतो. सज्जनाला दुष्टपणाचं सोंग जमतं, दुष्टाला सज्जनपणाचं चार घटकाही जमत नाही. आता सांगा, उथळ कोण?

आणि तो दाढीवाला स्पॉक तरी का आवडतो? त्याची तर्कबुद्धी शाबूत आहे म्हणून. म्हणजे आवडतं ते त्याच्यात शिल्लक राहिलेलं चांगलंच.

'बफी'मध्ये १९९८ साली एंजल आत्मा गमावतो आणि बफीच्या जिवावर उठतो. तो थरकाप उडवतो, कारण तिचे सगळे हळवे कोपरे त्याला ठाऊक आहेत. ते कळले कशामुळे? प्रेमामुळे! वाईटाचं सगळं भांडवल असं उसनं.

पण लेखकांना हे कोण सांगणार? 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी'त २०१७ साली भल्या कॅप्टन जॉर्जिऊला दुसऱ्याच भागात मारून टाकलं. तिची उलट्या विश्वातली आवृत्ती म्हणजे विचार करणाऱ्या, बोलणाऱ्या जीवांना ताटात वाढणारी सम्राज्ञी. ती मात्र पुढे मिरवत राहिली, आणि २०२५ साली तिच्यावर अख्खा चित्रपट निघाला. भलं माणूस रंगवायला कष्ट पडतात हो, दुसरं काय!

तुम्ही म्हणाल, मालिकाच ती, एवढं काय मनावर घ्यायचं? पण हाच हिशेब आपण घरीही लावतो. वीस वर्षं सगळ्यांचं निमूटपणे करणारी वहिनी एकदा तडकली, की लगेच "आता कळला खरा स्वभाव!" वीस वर्षं खोटी आणि पाच मिनिटं खरी? हा कुठला न्याय?

असो. पटत नसेल तर 'मिरर, मिरर' पुन्हा बघा. या खेपेला दाढीकडे नको, कोठडीकडे बघा.